मेल 'परत' बंद पडला: आउटलुक आणि थंडरबर्डमधल्या सुरक्षित कनेक्शनची दुरुस्ती

महिन्याची २० तारीख, जीएसटी रिटर्नची धावपळ, आणि सकाळी सव्वादहाला फोन. "दादा, मेल परत बंद पडला. ते सर्टिफिकेटचं काहीतरी आलंय. मागच्या वेळेसारखं 'येस' दाबू का?"

या वाक्यात माझ्या कामाचा शब्द एकच, 'परत'. इचलकरंजी-सांगली भागात सुताचे व्यापारी, सीए, छोट्या फौंड्री अशा दहा-बारा ऑफिसांचे कॉम्प्युटर मी बघतो. मेलची ही तक्रार महिन्यातून दोन-तीनदा तरी येतेच, आणि बहुतेक वेळा ज्यांच्याकडे आधी येऊन गेली त्यांच्याकडूनच येते. कारण मागच्या वेळी दुरुस्ती झालेलीच नसते. कोणीतरी सर्टिफिकेटचा, म्हणजे मेल सर्व्हरच्या ओळखपत्राचा, इशारा डावलून 'येस' दाबलेलं असतं, नाहीतर सुरक्षेच्या खान्यात 'नन', म्हणजे सुरक्षाच नको, असं निवडलेलं असतं. मेल सुरू झाला, सगळे खूश. कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवावं, तशातला हा प्रकार.

आउटलुक किंवा थंडरबर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर मेल बघायचे कार्यक्रम (सॉफ्टवेअर), अडले की मी ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम खाली दिला आहे. आधी फुकटात आणि दोन मिनिटांत होणारं, मग वेळ खाणारं. मधल्या पायऱ्या गाळू नका. मी गाळल्या आहेत, आणि दोन तास सेटिंग उचकल्यावर कळलंय की कॉम्प्युटरचं घड्याळच मागे होतं.

आधी लक्षणं ओळखा

"मेल चालत नाही" या एका वाक्यात निदान चार वेगळे आजार लपलेले असतात.

पहिला: मेल येतात पण जात नाहीत, आउटबॉक्समध्ये साचतात. येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचे सर्व्हर, म्हणजे मेलची ने-आण करणारे पलीकडचे कॉम्प्युटर, वेगळे, त्यांची सेटिंग वेगळी. त्यामुळे एक बाजू चालते याचा अर्थ इंटरनेट ठीक आहे आणि बिघाड दुसऱ्या बाजूच्या सेटिंगमध्ये आहे. मात्र आधी आउटबॉक्समधला सगळ्यात जुना मेल बघा. त्याला ४० एमबीचं स्कॅन जोडलेलं असेल, तर घाटात एक ट्रक बंद पडून मागची रांग अडावी तसं झालेलं असू शकतं. जीमेलवरून २५ एमबीच्या वरची फाइल जोडून जातच नाही. तो एक मेल काढा, बाकीचे निघतात का बघा, आणि निघाले तर हे पान बंद करून चहा घ्या.

दुसरा: सर्टिफिकेटबद्दल इशारा येतो. आउटलुकमध्ये 'इंटरनेट सिक्युरिटी वॉर्निंग' अशा मथळ्याचा, थंडरबर्डमध्ये 'ॲड सिक्युरिटी एक्सेप्शन' असा.

तिसरा: इशारा वगैरे काही नाही, नुसतं गोल फिरत राहतं आणि मिनिटभराने 'टाइम्ड आउट'. किंवा आउटलुक शेवटी 'सीसीसी१ए' असलेला एरर क्रमांक देतं. त्याचा अर्थ, तुम्ही निवडलेला सुरक्षेचा प्रकार त्या सर्व्हरच्या त्या पोर्टवर, म्हणजे त्या नंबरच्या दारावर, चालत नाही.

चौथा: पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारतो, बरोबर टाकला तरी. हा बहुतेकदा कनेक्शनचा आजार नसतोच, त्याबद्दल पुढे येईल.

आणि एक विनंती. जो काही मेसेज येतो त्याचा मोबाइलवर फोटो काढा, बटण दाबायच्या आधी. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी बंद केलं" यावरून निदान करणं म्हणजे ज्योतिष सांगणं आहे.

घड्याळ बघा, हसू नका

उजव्या कोपऱ्यातली तारीख, वर्षासकट. सर्टिफिकेटवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत छापलेली असते आणि ती तुमचा कॉम्प्युटर स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २०१५ साल दाखवत असेल तर आजचं सर्टिफिकेट त्याच्या हिशेबाने अजून जन्मालाच आलेलं नाही. मग सर्व्हर कितीही खरा असो, तो नाकारणारच.

इथे ओळखायची खूण म्हणजे मेलसोबत ब्राउझरमध्येही सगळ्या साइट सुरक्षेच्या कारणावरून नकार देतात. तसं होत असेल तर मेलच्या सेटिंगला हात लावू नका. तारीख हाताने बरोबर टाका, टाइम झोन मुंबई-कोलकाता-नवी दिल्लीवाला ५.३० चा आहे ना बघा, आणि मग 'सिंक नाऊ' दाबा. घड्याळ फारच मागे असेल तर विंडोज ते आपोआप जुळवून घेत नाही, म्हणून आधी हाताने.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख परत मागे गेली तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, त्यावर 'सीआर २०३२' लिहिलेलं असतं, घड्याळवाल्याकडेही मिळतो. आमच्याकडे एका ऑफिसात रोज संध्याकाळी मेन स्विचच बंद करून जायची शिस्त आहे. तिथे दर सोमवारी मेल बंद पडायचा, मंगळवारी कधीकधीच. मला हा वाराचा हिशेब महिनाभर कळेना. सेल पूर्ण मेलेला नव्हता, एक रात्र कशीबशी तग धरायचा, शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ मात्र त्याच्याने निभत नव्हतं. सेल बदलला, सोमवार सुटला.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून बघा

ऑफिसचं वायफाय किंवा केबल काढा, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, मेल परत ओढा. खर्च शून्य, पण निम्मे संशयित इथेच सुटतात. हॉटस्पॉटवर मेल चालला तर तुमचं सेटिंग बरोबर आहे आणि अडथळा मधल्या वाटेवर आहे. राउटर, ऑफिसचा फायरवॉल, किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याने बंद केलेलं पोर्ट.

हॉटेल, हॉस्पिटल, विमानतळ इथल्या फुकट वायफायवरही सर्टिफिकेटचा इशारा येतो. तिथे लॉगिनचं पान पुढे करण्यासाठी तुमची वाट मध्येच अडवलेली असते, आणि समोर बोलणारा तुमचा मेल सर्व्हर नसून हॉटेलचं यंत्र असतं. अशा ठिकाणी 'येस' दाबणं म्हणजे गेटवरच्या अनोळखी माणसाला पोस्टमन समजून पाकीट देणं. आधी ब्राउझर उघडून त्यांचं लॉगिन पूर्ण करा, मग मेल उघडा.

याच वेळी ब्राउझरमधून वेबमेलमध्ये लॉगिन होतं का तेही बघून घ्या. तिथेही होत नसेल तर खातंच बंद आहे, जागा भरली आहे किंवा पासवर्ड बदलला आहे. मग आउटलुक बिचाऱ्याचा दोष नाही.

पोर्ट आणि सुरक्षा यांची जोडी

सगळ्यात जास्त चुका मला इथे सापडतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सुरक्षित कनेक्शनच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत पहिल्या शब्दापासूनच सगळं बंद पाकिटात, कार्यक्रमात याला 'एसएसएल/टीएलएस' म्हणतात. दुसरीत आधी उघड्यावर नमस्कार-चमत्कार होतात, मग "चला, आता बंद दाराआड बोलू" असं ठरतं आणि तिथून पुढे सुरक्षित. ही 'स्टार्टटीएलएस'. आणि प्रत्येक तऱ्हेचं पोर्ट ठरलेलं आहे.

आयमॅपने (मेल सर्व्हरवरच राहतात ती पद्धत) मेल घेत असाल तर ९९३ सोबत एसएसएल/टीएलएस, १४३ सोबत स्टार्टटीएलएस.
पॉपने (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) घेत असाल तर ९९५ सोबत एसएसएल/टीएलएस, ११० सोबत स्टार्टटीएलएस.
पाठवण्यासाठी ४६५ सोबत एसएसएल/टीएलएस, ५८७ सोबत स्टार्टटीएलएस.

जोडी चुकली की काय होतं बघा. ४६५ वर तुम्ही स्टार्टटीएलएस निवडलं. तुमचा कार्यक्रम वाट बघतो की सर्व्हर आधी नमस्कार करेल. सर्व्हर वाट बघतो की तुम्ही आधी बंद पाकीट द्याल. "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" करत दोघं दारात उभे, आणि मिनिटभराने 'टाइम्ड आउट'. नुसतं फिरत राहणं हे लक्षण बहुतेकदा यातलं असतं. उलट ५८७ वर एसएसएल/टीएलएस निवडलं तर सर्व्हर साधा नमस्कार करतो आणि तुमचा कार्यक्रम त्यात बंद पाकीट शोधतो, त्याला ते सापडत नाही, आणि तो लगेच फटकन एरर देतो. म्हणजे एरर यायला किती वेळ लागला, एवढ्यावरूनही अंदाज बांधता येतो.

२५ नंबरचं पोर्ट सेटिंगमध्ये दिसलं तर बदलाच. ते सर्व्हरने सर्व्हरला मेल देण्यासाठी आहे, आणि स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट पुरवठादार ते घरगुती आणि ऑफिसच्या लाइनवर बंदच ठेवतात. "घरी चालतो, ऑफिसात चालत नाही" या तक्रारीत मी पहिल्यांदा हेच बघतो.

४६५ की ५८७ यावर दोन तंत्रज्ञ भांडताना दिसतील. त्याला इतिहास आहे. ४६५ हे १९९७ मध्ये नोंदवलं गेलं, लगेच पुढच्या वर्षी त्याची नोंद रद्द झाली, पण लोक वापरतच राहिले. शेवटी जानेवारी २०१८ मधल्या आरएफसी ८३१४ या मानकाने त्याला पुन्हा मान दिला आणि पहिल्या शब्दापासून बंद पाकीटच बरं असं सांगितलं. तुमचा सर्व्हर दोन्ही देत असेल तर ४६५ घ्या, असं माझं मत. ५८७ चालत असेल तर मुद्दाम बदलायची गरज नाही.

आता हे सापडतं कुठे. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज, त्यात सर्व्हर सेटिंग्ज. पण जाणाऱ्या मेलचं सेटिंग तिथे नसतं! ते डावीकडच्या यादीच्या अगदी तळाशी, 'आउटगोइंग सर्व्हर' नावाने वेगळं बसलेलं असतं. निम्मे लोक वरचं दुरुस्त करून खालचं विसरतात. आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, खातं निवडून चेंज, मग मोअर सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड. तिथे येणाऱ्या मेलचा प्रकार बदलला तरी जाणाऱ्याचं पोर्ट २५ च राहिलेलं मी पाहिलंय, म्हणून आकडा डोळ्याने वाचा. शेजारच्या 'आउटगोइंग सर्व्हर' टॅबमध्ये सर्व्हरला ओळख पटवून द्यायची टिकही असते, ती हवीच.

जुन्या आउटलुकची एक खोडी. त्याच्या यादीत 'एसएसएल' आणि 'टीएलएस' असे दोन वेगळे पर्याय दिसतात. तिथे 'टीएलएस' म्हणजे स्टार्टटीएलएस समजायचं, आणि 'एसएसएल' म्हणजे पहिल्यापासून बंद पाकीट. खरं तर एसएसएल हे तंत्र केव्हाच निवृत्त झालं, त्याची शेवटची आवृत्ती २०१५ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढली. पण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं नाव राहिलंय.

आणि नवीन आउटलुक वापरत असाल, वरच्या कोपऱ्यात 'न्यू' लिहिलेलं, तर यातलं बरंच लागू होत नाही. ते बाहेरच्या खात्यांचे मेल मायक्रोसॉफ्टच्या ढगातून आणतं, त्यामुळे तुमच्या कॉम्प्युटरवरचा हॉटस्पॉटचा प्रयोगही तिथे फारसं काही सांगत नाही.

सर्व्हरचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव

इशाऱ्यात 'टार्गेट प्रिन्सिपल नेम इज इनकरेक्ट' असं असेल, तर तुम्ही ज्या नावाने हाक मारताय ते नाव सर्टिफिकेटवर नाही. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे वेबसाइट-मेलसाठी अनेकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, हे नेहमीचं. एका सर्व्हरवर शेकडो डोमेन, म्हणजे पत्त्यात '@' च्या पुढे येणारी नावं, असतात. तुम्ही सेटिंगमध्ये 'मेल डॉट आपलं डोमेन' लिहिता, सर्टिफिकेट मात्र होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरच्या नावाने असतं.

इशाऱ्यातलं 'व्ह्यू सर्टिफिकेट' बटण दाबा. पाहणं सुरक्षित आहे, काही बिघडत नाही. कोणाच्या नावाने आहे ते वाचा. ते नाव तुमच्या होस्टिंगवाल्याचंच आहे याची त्याच्याकडून किंवा त्याच्या पहिल्या दिवशीच्या मेलवरून खात्री करा, आणि सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव म्हणून तेच लिहा. इशारा कायमचा जातो. नाव अगदीच अनोळखी असेल तर थांबा. कदाचित डोमेन नव्या होस्टिंगवर गेलंय आणि तुम्ही जुन्याच घरचं दार वाजवताय. कदाचित दुसरं काही. काहीही असो, 'येस' नाही.

दर तीन महिन्यांनी येणारा ताप

सुरुवातीच्या फोनवरचं सीए ऑफिस. तिथे जानेवारीत बंद पडला, एप्रिलमध्ये बंद पडला, जुलैत बंद पडला. दर वेळी तारीख साधारण तीच. इतका नियमित बिघाड कॉम्प्युटर करत नाही, कॅलेंडर करतं.

लेट्स एन्क्रिप्टसारख्या मोफत सर्टिफिकेटची मुदत ९० दिवस असते. सर्व्हर ती मुदत संपायच्या आधी आपोआप वाढवून घेतो, म्हणजे नवी फाइल येते. वेबसाइट नवी फाइल उचलते, तिचं कुलूप छान दिसतं. पण मेल चालवणारा भाग वेगळा असतो. त्याने सुरू होताना जुनं सर्टिफिकेट स्मरणात घेतलेलं असतं, आणि कोणी त्याला पुन्हा वाचायला सांगेपर्यंत तो तेच दाखवत बसतो. मुदत संपते आणि सगळ्या ऑफिसला एकाच सकाळी इशारा येतो.

फसवणारी गोष्ट ही की होस्टिंगवाला आपल्या बाजूने वेबसाइट उघडून बघतो आणि सांगतो, "सर्टिफिकेट तर चालू आहे सर." त्याचं खरं असतं, तुमचंही खरं असतं. म्हणून पुरावा मेलच्या इशाऱ्यातून घ्या. 'व्ह्यू सर्टिफिकेट' दाबून शेवटची तारीख दिसेल तिचा फोटो काढा. जरा सरावलेले असाल तर ओपनएसएसएल हे साधन वापरून ९९३ पोर्टवरचं सर्टिफिकेट थेट मागवता येतं, मी तेच करतो.

यावर तुमच्याकडे इलाज नाही. दुरुस्ती सर्व्हरवरच व्हायला हवी. तुम्ही 'येस' दाबलं तर ऑफिस चालू होईल, होस्टिंगवाल्याला काही कळणार नाही, आणि ९० दिवसांनी पुन्हा भेटू. मधल्या काळात वेबमेल वापरा.

हा ताप पुढे वाढणार आहे. पैसे देऊन घेतलेली सर्टिफिकेटंही पूर्वी वर्षभर, म्हणजे जास्तीत जास्त ३९८ दिवस चालायची. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं की ही मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे "दिवाळीनंतर एकदा हाताने बदलतो" म्हणणाऱ्या होस्टिंगवाल्याचे दिवस भरले.

अँटिव्हायरस

सर्टिफिकेट उघडल्यावर 'इश्यूड बाय'च्या पुढे तुमच्याच अँटिव्हायरसचं नाव दिसतंय का? मग तो मेल तपासण्यासाठी मध्ये उभा आहे. सर्व्हरचं खरं सर्टिफिकेट स्वतःकडे ठेवून तुम्हाला स्वतः बनवलेलं दाखवतो. आउटलुक विंडोजच्या विश्वासू यादीवर चालतं आणि अँटिव्हायरसने तिथे स्वतःचं नाव घातलेलं असतं, म्हणून आउटलुक गप्प. थंडरबर्ड स्वतःची यादी बाळगतं, म्हणून तिथे 'अननोन इश्युअर'. एकाच कॉम्प्युटरवर एक चालतं, दुसरं नाही, याचं कारण बहुधा हेच.

अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये मेल शील्ड किंवा सुरक्षित कनेक्शन तपासण्याचा पर्याय असतो, तेवढाच बंद करा. अख्खा अँटिव्हायरस उडवू नका. जोडलेली फाइल उघडताना तो तशीही तपासतोच.

ऑफिसच्या फायरवॉलचं नाव दिसलं तर तो मुद्दाम लावलेला असू शकतो. त्याला वळसा घालू नका, ज्याने बसवला त्याला विचारा.

पासवर्ड वारंवार विचारतोय

जीमेल असेल तर तुमचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ती सोय ३० मे २०२२ पासून काढून घेतली. ओळख पटवण्याच्या खान्यात 'ओऑथ२' निवडा, ब्राउझरची खिडकी उघडते, तिथे लॉगिन करा. कार्यक्रम जुना असल्याने ते जमत नसेल तर टू-स्टेप (दुहेरी पडताळणी) सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड, म्हणजे त्या कार्यक्रमापुरता वेगळा पासवर्ड, काढावा लागतो. आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात, हे कोणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यांनाही १६ सप्टेंबर २०२४ पासून साधा पासवर्ड चालत नाही, तिथेही ओऑथ२.

स्वतःच्या डोमेनचा मेल असेल तर बहुतेक सर्व्हरना 'नॉर्मल पासवर्ड' हवा असतो. लोक नावाला घाबरून 'एन्क्रिप्टेड पासवर्ड' निवडतात आणि अडकतात. अहो, वरचं पाकीट बंद आहे, आतली चिठ्ठी साधी असली तरी वाटेत कोणी वाचत नाही. सुरक्षेच्या खान्यात 'नन' असेल तेव्हा मात्र 'नॉर्मल पासवर्ड' म्हणजे पोस्टकार्डावर एटीएमचा पिन.

जुनी विंडोज, जुना सर्व्हर

टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या. थंडरबर्डने २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासूनच त्या बंद ठेवल्या. म्हणून थंडरबर्ड अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवशी मेल बंद, असं झालं तर सर्व्हर जुना आहे. उलट विंडोज ७ वर आउटलुक अडकत असेल तर कॉम्प्युटर जुना आहे. त्यात टीएलएस १.२ आहे, पण मुळात बंद असतं.

दोन्हीवर जुगाड आहेत. थंडरबर्डच्या कॉन्फिग एडिटरमध्ये किमान आवृत्ती खाली आणता येते, विंडोज ७ मध्ये रजिस्ट्री बदलून १.२ चालू करता येतं. पहिला जुगाड मी करत नाही, कारण तो सर्व्हरचं दुखणं तुमच्या माथी मारतो. दुसरा एकदा केला होता, टॅलीच्या जुन्या डेटासाठी ठेवलेल्या मशिनवर, आणि तेही मालकाने नवीन मशिन घ्यायची तारीख दिल्यावर.

जुने 'येस' पुसा

सगळं बरोबर करूनही थंडरबर्ड विचित्र वागत असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, खाली मॅनेज सर्टिफिकेट्स, त्यात 'सर्व्हर्स' ही यादी उघडा. आजवर दिलेल्या सवलती तिथे जमा असतात. एका ऑफिसात मला तिथे अकरा सापडल्या, त्यातल्या चार बंद पडलेल्या होस्टिंगच्या. पुसून टाका, थंडरबर्ड बंद करून उघडा. खरा बिघाड उरलेला असेल तर आता तो समोर येईल, आणि तेच हवंय.

इथे थांबा

खातं काढून नव्याने टाकायचा मोह होतो. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर असतात, तरी 'फक्त या कॉम्प्युटरवर' म्हणून ठेवलेली फोल्डर जातात. पॉप असेल तर हातच लावू नका. पाच-सहा वर्षांचे मेल फक्त त्या मशिनवरच्या पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे आउटलुकच्या मेल साठवायच्या फाइलमध्ये, असू शकतात. खातं काढण्याआधी त्या फाइलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, आणि ती फाइल कुठे आहे हे कळत नसेल तर काम तुमचं नाही, माणूस बोलवा.

सर्टिफिकेट देणारा किंवा नाव अनोळखी असूनही कोणी 'येस' दाबून पासवर्ड टाकला असेल, तरीही बोलवा. त्याआधी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून पासवर्ड बदला. वेबमेलमध्ये जाऊन मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा नियम कोणी लावलाय का ते बघा. "आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे" असा मेल तुमच्या नावाने व्यापाऱ्यांना जातो तो अशाच दारातून, आणि मग सूत एकीकडे, पैसे तिसरीकडे.

मुदत संपलेलं सर्टिफिकेट असेल तर होस्टिंगवाल्याला फोनवर समजावत बसू नका, लिहून पाठवा. त्या सीए ऑफिससाठी मी पाठवलेला मजकूर असा होता, डोमेन तेवढं तुमचं घाला:

"नमस्कार. आमच्या डोमेनवर ९९३ आणि ४६५ या पोर्टवर काल मुदत संपलेलं सर्टिफिकेट येत आहे, फोटो सोबत जोडला आहे. वेबसाइटचं सर्टिफिकेट चालू आहे, म्हणजे नूतनीकरण झालं आहे पण मेल सेवेने ते उचललेलं नाही. कृपया मेल सेवा रीलोड करावी, आणि प्रत्येक नूतनीकरणानंतर ती आपोआप रीलोड होईल अशी सोय करावी. जानेवारी, एप्रिल आणि आता जुलै, ही तिसरी वेळ आहे."

चाळीस मिनिटांत उत्तर आलं, "डन सर." ऑक्टोबरच्या २० तारखेला मी मुद्दाम फोन जवळ ठेवून बसलो होतो. फोन आला, प्रिंटरसाठी.